ॲक्सेस नवं, फॉर्म जुना: नोंद अडली की काय तपासायचं

विदर्भातल्या कितीतरी जिनिंगांत, खरेदी-विक्री संघांत, सेवा सोसायट्यांत आणि कृषी केंद्रांत आजही रोजची नोंद मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या माहिती साठवणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या फाइलीवर चालते. कोणीतरी कधीकाळी २००३ किंवा २००७ च्या ॲक्सेसमध्ये फॉर्म बांधून दिला: शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, कापसाची ओल, भाव, बँक खातं. शेवटी बटण दाबलं की काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, छापून बाहेर. फॉर्म इतकी वर्षं निमूट चालला, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. आता विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही संपला. संगणक बदलले, त्यावर नवं ॲक्सेस आलं, आणि कापसाचा हंगामही ऑक्टोबरातच सुरू होतो. गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना फॉर्म अडतो.

अशा वेळी लगेच फॉर्म डिझाइनमध्ये उघडून खुडबूड करू नका. बहुतेक वेळा फॉर्म जसाच्या तसा शाबूत असतो, बदललेलं असतं ते त्याच्या भोवतीचं: परवानग्या, तारखेची पद्धत, फॉन्ट, फाइलींची जागा. आणि माझं ठाम मत असं की एरर दाखवून थांबणारा फॉर्म परवडतो. निमूटपणे चुकीचं लिहिणारा फॉर्म जास्त घातक, कारण चूक कळते ती शेतकऱ्याचे पैसे भलत्या खात्यात गेल्यावर. म्हणून खाली त्या निमूट चुकांवरच जास्त लिहिलं आहे.

सगळ्यात आधी प्रत. ॲक्सेस सर्व संगणकांवर बंद करा, फाइलीशेजारची लॉक फाइल (जुन्या एमडीबीसाठी एलडीबी, नव्या एसीसीडीबीसाठी एलएसीसीडीबी) नाहीशी झाली का पाहा, मगच मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या संगणकावर उतरवा. लॉक फाइल दिसत असेल तर कोणीतरी अजून आत आहे, आणि चालू फाइलीची प्रत अर्धवट निघू शकते. पुढचं सगळं प्रतीवर करून बघायचं.

बटण दाबलं तर काहीच होत नाही, ही पहिली तक्रार. वर पिवळी पट्टी आणि त्यावर ‘एनेबल कंटेंट’ असेल तर ॲक्सेसने फाइलीतला कोड बंद ठेवलेला आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कोड बंद असला तरी टेबलाला थेट जोडलेला फॉर्म नोंद घेतच राहतो. ऑपरेटर भरलेलं वजन टाकतो, रिकामं वजन टाकतो, पुढच्या पावतीवर जातो, नोंद जतन होते. पण निव्वळ वजन काढणारा कोड चाललेलाच नसतो, ओल मर्यादेत आहे का हे तपासणाराही नाही. रकाना शून्य राहतो किंवा रिकामा, आणि काटापट्टी छापेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून पिवळी पट्टी दिसत असताना एकही नोंद करू नये.

कायमचा उपाय: फाइल एका ठरावीक फोल्डरात ठेवा, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर ‘काटा’ नावाचं फोल्डर. मग फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स या वाटेने जाऊन ‘ॲड न्यू लोकेशन’ने ते फोल्डर नोंदवा. आत आणखी फोल्डर असतील तर सबफोल्डरच्या चौकटीतही टिक करा. फाइल दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने उघडत असाल तर त्याच पानावर नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारी वेगळी चौकट आहे, तिच्यात टिक केल्याशिवाय नोंदणी होणार नाही. ही नोंदणी प्रत्येक संगणकावर आणि विंडोजच्या प्रत्येक युजरसाठी वेगळी करावी लागते. दिवसपाळीचा ऑपरेटर करून गेला म्हणून रात्रपाळीच्या लॉगिनला ती लागू होत नाही.

पट्टी पिवळीऐवजी लाल असेल आणि एनेबलचं बटणच नसेल, तर फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली आहे. विंडोज अशा फाइलीवर इंटरनेटवरून आल्याची खूण ठेवतं, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलीतला कोड थेट अडवतं. ॲक्सेस बंद करा, फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’च्या चौकटीत टिक करून ओके. फाइल पेन ड्राइव्हने आणली तर सहसा ही भानगड होत नाही.

आता तारीख. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

नव्या संगणकावर विंडोज बसवताना रीजन बऱ्याचदा ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’च राहतो. तिथे आधी महिना, मग दिवस. आता ५ नोव्हेंबरची पट्टी करताना ऑपरेटर सवयीने ०५/११ टाकतो. ॲक्सेस ती ११ मे म्हणून घेतं, एरर न देता. १३ नोव्हेंबरला तो १३/११ टाकतो, तेरावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस गपचूप उलटं वाचतं आणि १३ नोव्हेंबर बरोबर लिहितं. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचं सगळं बरोबर, आणि १ ते १२ मधलं विखुरलेलं: १ नोव्हेंबरची नोंद ११ जानेवारीला, २ ची ११ फेब्रुवारीला, १२ ची ११ डिसेंबरला. फक्त ११ नोव्हेंबर आपोआप बचावतो. पंधरवड्याचा चुकारा काढताना या पट्ट्या अहवालात येतच नाहीत, आणि मग शेतकरी हातात पावती घेऊन ऑफिसात उभा राहतो.

दुरुस्ती आधी मुळाशी करा: कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडून ‘इंग्लिश इंडिया’ निवडा आणि शॉर्ट डेटमध्ये दिवस, महिना, वर्ष असा क्रम आहे का पाहा. ही सेटिंगसुद्धा प्रत्येक युजरची वेगळी असते. ॲक्सेस बंद करून पुन्हा उघडा. मग फॉर्मवरच्या तारखेच्या रकान्याचं फॉरमॅट ‘मीडियम डेट’ करा. त्यात महिना अक्षरांत दिसतो, त्यामुळे ऑपरेटरने पाच-अकरा टाकल्यावर समोर मे दिसला तर तो तिथेच सावध होतो. एवढ्या एका बदलाने जेवढ्या चुका थांबतात तेवढ्या कुठल्याही कोडने थांबत नाहीत.

बिघडलेल्या नोंदी शोधायच्या असतील तर पावती क्रमांकाप्रमाणे क्रम लावा. पावत्या ओळीने चालल्या आहेत आणि तारखा मात्र जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशा उड्या मारत आहेत, हे डोळ्यांनीच दिसतं. नोव्हेंबरात बिघडलेली प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या ११ तारखेला पडलेली असते, डिसेंबरातली १२ तारखेला. त्या पावत्यांचा पल्ला ठरवा, टेबलाची प्रत काढा, मग अपडेट क्वेरीत (अनेक नोंदी एकदम बदलणारी आज्ञा) डेटसीरियल फंक्शन वापरून दिवस आणि महिना अदलाबदल करा: पहिल्या जागी वर्ष, महिन्याच्या जागी डे फंक्शन, दिवसाच्या जागी मंथ फंक्शन. अट दोन्हींची लावायची, पावत्यांचा पल्लाही आणि दिवस अकराच असावा हीदेखील. क्वेरी एकदाच चालवा. दिवसाची अट विसरून दुसऱ्यांदा चालवली तर सुधारलेल्या तारखा पुन्हा उलटतात.

याच्याच जोडीची अडचण कोडमध्ये असते. दोन हॅश चिन्हांच्या मध्ये लिहिलेली तारीख ॲक्सेसची एसक्यूएल भाषा नेहमी अमेरिकन पद्धतीनेच वाचते, रीजन काहीही असो. म्हणून फॉर्मवरची तारीख थेट जोडून शोध घेणारा जुना कोड असेल तर फॉरमॅट फंक्शनने आधी महिना मग दिवस अशी मांडणी करूनच ती तारीख क्वेरीत घाला.

तारखेचीच आणखी एक गोष्ट: फॉर्मवर जिथे कॅलेंडर होतं तिथे आता रिकामा चौकोन किंवा एरर दिसत असेल, तर तो जुना कॅलेंडर कंट्रोल आहे. ॲक्सेस २०१० पासून तो दिलाच जात नाही. शोधून बसवण्यात वेळ घालवू नका. तो काढून साधा टेक्स्ट बॉक्स ठेवा, टेबलाच्या तारखेच्या रकान्याशी जोडा, आणि ‘शो डेट पिकर’ गुणधर्म ‘फॉर डेट्स’ ठेवा. शेजारी कॅलेंडरचं छोटं चिन्ह येतं. येत नसेल तर इनपुट मास्क (रकान्यात कसं टाइप करायचं याचा साचा) पाहा, मास्क लावलेला असेल तर हे चिन्ह दिसत नाही.

तारखेच्या रकान्यात आपोआप आजची तारीख येण्याऐवजी ‘#नेम?’ असं दिसू लागलं, किंवा ट्रिम, लेफ्ट यांसारख्या साध्या फंक्शनवर ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा निरोप आला, तर दोष त्या फंक्शनचा नाही. ऑल्ट आणि एफ११ दाबा, टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा, यादीत ‘मिसिंग’ असं लिहिलेली ओळ सापडेल. जुन्या संगणकावर असलेली एखादी लायब्ररी इथे नाही, आणि ती एक नसल्यामुळे बाकीच्यांची ओळखही बिघडते. त्या ओळीची टिक काढा, डीबग मेनूतून कंपाइल करा, म्हणजे सगळा कोड एकदा तपासून घ्या. कंपाइल जिथे अडेल तेवढाच भाग खरोखर त्या लायब्ररीवर अवलंबून होता. बहुतेक वेळा तो एखादा जुना, कोणी वापरत नसलेला एक्सपोर्टचा कोड निघतो.

कंपाइल करताना ‘पीटीआरसेफ’ हा शब्द असलेला लांबलचक निरोप आला तर ६४ बिटचा प्रश्न. ऑफिस २०१९ पासून ६४ बिट आवृत्ती आपोआप बसते, तर गावोगावचे जुने फॉर्म ३२ बिटवर बांधलेले. फाइल, अकाउंट, अबाउट ॲक्सेस इथे कोणती बसली आहे ते कळतं. विंडोजच्या फंक्शनला बोलावणाऱ्या डिक्लेअर ओळींत डिक्लेअरनंतर पीटीआरसेफ घालावं लागतं आणि विंडोचा क्रमांक धरणारा लाँग प्रकार लाँगपीटीआर करावा लागतो. पण मूळ कोड हाती नसेल, फक्त बंद केलेली एमडीई किंवा एसीसीडीई फाइल असेल, तर हा उपाय शक्यच नाही. अशा वेळी ६४ बिट ऑफिस पूर्ण काढून ३२ बिट बसवणं हाच सरळ रस्ता. परवाना तोच चालतो, वेगळे पैसे लागत नाहीत. छोट्या जिनिंगला ६४ बिटचा काही फायदाही नाही, कारण ॲक्सेसच्या फाइलीची मर्यादा दोन्हीकडे २ जीबीच आहे.

फॉर्म उघडतो, शीर्षक दिसतं, पण मधला सगळा भाग कोरा, एकही रकाना नाही. हे पाहून ऑपरेटरचा जीव घाबरा होतो, फॉर्म पुसला गेला असं वाटतं. पुसलेला नसतो. दाखवायला एकही नोंद नाही आणि नवी नोंद घ्यायची मुभाही नाही, अशा वेळी ॲक्सेस मधला भाग असाच कोरा ठेवतं. फॉर्मच्या गुणधर्मांत डेटा भागात जा. ‘अलाऊ ॲडिशन्स’ येस आहे का पाहा. ते ठीक असेल तर ‘रेकॉर्ड सोर्स’मध्ये जी क्वेरी आहे ती सुटी उघडा आणि तळाला नव्या नोंदीची चांदणीवाली ओळ दिसते का बघा. चांदणी नसेल तर ती क्वेरीच लिहू देत नाही. फॉर्मचा काही दोष नाही. उलट प्रकारही होतो: जुन्या पावत्या गायब, फक्त नवी कोरी पावती. तिथे ‘डेटा एंट्री’ हा गुणधर्म येस झालेला असतो, नो करा, सगळ्या पावत्या परत दिसतात.

क्वेरी लिहू का देत नाही? बेरीज-गट लावलेली, डिस्टिंक्ट किंवा युनियन असलेली क्वेरी कधीच लिहू देत नाही, पण ती जुन्या संगणकावरही देत नसणार. बदलानंतर नव्याने सापडतात ती कारणं दोन. पहिलं, फोल्डरची परवानगी. फाइल जिथे आहे तिथे लॉक फाइल तयार करता आली पाहिजे, म्हणून प्रत्येक ऑपरेटरला त्या फोल्डरवर वाचणं, लिहिणं आणि पुसणं या तिन्ही परवानग्या हव्यात. नुसती फाइलीवर परवानगी देऊन भागत नाही. फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवली असेल तर आधी तिथून हलवा.

दुसरं कारण आपणच तयार केलेलं असतं: टेबल एक्सेलमधून फिरवून आणलेलं. जुनी फाइल उघडत नाही म्हणून कोणी माहिती एक्सेलमध्ये काढतं आणि नव्या ॲक्सेसमध्ये भरतं. त्यात प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) जाते, ऑटोनंबर (आपोआप वाढणारा क्रमांक) जातो, टेबलांची नाती जातात, आणि दोन टेबलं जोडणारी क्वेरी लिहू देणं बंद करते. याहून वाईट म्हणजे एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला, तर एनईएफटी परत येते किंवा भलतीकडेच जाते. मोबाइल नंबर, खातं, आयएफएससी, आधार हे रकाने शॉर्ट टेक्स्टच असले पाहिजेत (पूर्वी ज्याला नुसतं टेक्स्ट म्हणत तेच, आणि मेमोचं नाव आता लाँग टेक्स्ट आहे). वजनाचा रकाना लाँग इंटीजर झाला का तेही बघा, नाहीतर १२.४५ क्विंटलचे १२ होतात आणि शेतकऱ्याचे ४५ किलो हवेत जातात. वजन डबलमध्ये, रक्कम करन्सीत.

एक्सेलचा वळसा घ्यायची गरज सहसा नसते. २००० ते २००३ च्या पद्धतीची एमडीबी फाइल नवं ॲक्सेस उघडतं आणि ‘सेव्ह डेटाबेस ॲज’ने एसीसीडीबी करून देतं. फक्त ९७ ची फाइल २०१३ पासून उघडत नाही. तिच्यासाठी २०१० किंवा त्याआधीचं ॲक्सेस असलेला संगणक शोधून तिथे एकदा बदलून आणावी लागते. आणि फाइलीला पूर्वी युजरनेम-पासवर्डची एमडीडब्ल्यू फाइल लावलेली असेल तर एमडीबीच ठेवा, एसीसीडीबीमध्ये ती सुरक्षा राहत नाही. ‘परवानगी नाही’ असा निरोप येत असेल तर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट पाहा, त्यात एमडीडब्ल्यूचा पत्ता लिहिलेला होता आणि नवा शॉर्टकट करताना तो सुटलेला असतो.

मराठी अक्षरांचं प्रकरण आपल्याकडचं खास. नावं कृतिदेव किंवा श्री-लिपीत भरलेली असतील तर नव्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. माहिती बिघडलेली नाही, फॉन्ट बसवला की नावं परत दिसतात. पण दुसरी खोडी खरोखर बिघडवते: ऑटोकरेक्ट. नव्या ऑफिसमध्ये ते परत सुरू झालेलं असतं. कृतिदेवमध्ये मोठं आणि छोटं अक्षर वेगळं असतं. ‘स्थानिक’ टाइप करताना पहिल्या दोन कळा मोठी एल आणि मोठी एफ, म्हणजे अर्धा स् आणि अर्धा थ्. ऑटोकरेक्टला वाटतं इंग्रजी शब्दात चुकून दोन मोठी अक्षरं पडली, म्हणून ते दुसरं छोटं करतं, आणि छोट्या एफची होते ऱ्हस्व वेलांटी. ‘थ’ उडाला, शब्द मोडला. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये सगळ्या टिका काढा, किंवा त्या त्या रकान्याचा ‘अलाऊ ऑटोकरेक्ट’ नो करा. दुसरा उपाय मला जास्त पटतो, तो फाइलीबरोबर राहतो.

निम्मी नावं कृतिदेवमध्ये आणि नवी युनिकोडमध्ये असं करू नका. शोध लागत नाही, आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात. गट नंबरचंही तसंच: ४५/२ देवनागरी अंकांत आणि रोमन अंकांत टाकला तर ॲक्सेसला ते दोन वेगळे मजकूर आहेत. एकच पद्धत ठरवून कागदावर लिहून संगणकाला चिकटवा. कोडमध्ये लिहिलेले मराठी निरोप प्रश्नचिन्हांत दिसतात कारण कोडची खिडकी युनिकोड समजत नाही. ते निरोप एका टेबलात ठेवून फॉर्मवरच्या टेक्स्ट बॉक्समध्ये दाखवा.

नेटवर्कवर दोन-तीन संगणक असतील तर फाइल दोन भागांत हवी: टेबलं काट्याच्या मुख्य संगणकावर, फॉर्म प्रत्येकाच्या संगणकावर वेगळे. ड्राइव्हचं अक्षर बदललं की फॉर्म टेबल सापडत नाही म्हणतो, तेव्हा एक्स्टर्नल डेटामधल्या लिंक्ड टेबल मॅनेजरमधून पत्ता नव्याने द्या. वायफायवरून ॲक्सेस चालवू नका, केबल ओढा. लाईन गेली आणि नोंद अर्ध्यावर असताना संगणक बंद पडला तर फाइल मोडते. घरगुती इन्व्हर्टर लाईन गेल्यावर बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यातही काही डेस्कटॉप रीस्टार्ट होतात, म्हणून मुख्य संगणकाला आणि नेटवर्क स्विचला यूपीएस लावाच. आठवड्यातून एकदा सगळे बाहेर काढून, प्रत घेऊन, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर.

फक्त नोंद करणाऱ्या संगणकांना पूर्ण ॲक्सेस विकत घ्यायची गरज नाही, मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस रनटाइम मोफत आहे. पण त्यात न हाताळलेली एरर आली की अख्खा प्रोग्राम बंद होतो. आधी पूर्ण ॲक्सेसवर फाइलीच्या प्रतीचं शेवटचं नाव एसीसीडीआर करून बघा, ती रनटाइमसारखीच उघडते.

सगळं जुळल्यावर पहिल्या दिवशी दहा पट्ट्या हाताने काढून ताडून बघा: तारीख, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, ओल, रक्कम, खात्याचे शेवटचे चार अंक. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) द्यायचा माल असेल तर ओलीच्या रकान्यात ८ ते १२ टक्क्यांची अट अजून लागू आहे का, हे मुद्दाम १४ टाकून बघा. जुना संगणक हंगाम संपेपर्यंत विकू नका, पण त्यावरची फाइल रीड-ओन्ली करून ठेवा. नाहीतर घाईच्या दिवशी कोणीतरी त्याच्यावरच पट्टी काढतं, आणि एकाच पावती क्रमांकावर दोन शेतकरी बसतात.